इस्पितळाचे बिल आणि न खोडता येणारी वही

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपली वडीलधारी मंडळी सांगत असत. आज ती हयात असती तर त्यांनी त्यात इस्पितळाच्या पायरीचीही भर घातली असती. फरक इतकाच की, कोर्टाची पायरी मनात आणले तर टाळता येते. इस्पितळाची टाळता येत नाही. आपल्या मंडळाच्या वैद्यकीय मदत निधीकडे जे अर्ज येतात, त्यांतील बहुतेकांना बिलाची झेरॉक्स जोडलेली असते. ते बिल अर्जदाराला समजलेले नसते आणि खरे सांगायचे तर निधी समितीवर बसणाऱ्या आम्हालाही पुष्कळदा समजत नाही. आकडा तेवढा समजतो, कारण तो भरायचा असतो.

गेल्या काही वर्षांत 'ब्लॉकचेन' हा शब्द वारंवार कानावर पडू लागला आहे. या तंत्राने इस्पितळांची बिले, विम्याचे दावे आणि पैशांची देवघेव स्वच्छ होईल, असे सांगितले जाते. कॉलेजात जाणारी आपली मुले हा विषय सेमिनारसाठी घेतात. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत या विषयाची सोप्या भाषेत ओळख करून द्यावी, असे आम्ही ठरवले. आम्ही कला शाखेचे पदवीधर. संगणकशास्त्र शिकलेलो नाही. परंतु वीस वर्षांहून अधिक काळ बँकेत नोंदी लिहिण्यात आणि तपासण्यात गेला आहे, आणि ब्लॉकचेन ही मुळात एक वहीच आहे. त्यामुळे वहीच्या बाजूने हा विषय समजावून सांगता येईल, असा आम्हाला विश्वास वाटतो.

प्रथम घरचाच एक अनुभव सांगतो.

एक बिल, पंधरा हजार दोनशे रुपये

२०२३ सालच्या पावसाळ्यात आमच्या थोरल्या वहिनींची पित्ताशयाच्या खड्यांची शस्त्रक्रिया झाली. भावाच्या कंपनीची मेडिक्लेम पॉलिसी होती, त्यामुळे 'कॅशलेस' होईल म्हणून आम्ही निर्धास्त होतो. शस्त्रक्रिया उत्तम झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता डॉक्टरांनी घरी जायला परवानगी दिली. प्रत्यक्षात आम्ही बाहेर पडलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. विम्याची अंतिम मंजुरीच आली नव्हती.

एकूण बिल ८६,४०० रुपयांचे होते. मंजुरी आली ती ७१,२०० रुपयांची. उरलेले १५,२०० रुपये तिथल्या तिथे भरा, असे सांगण्यात आले. त्यांत ७,५०० रुपये हातमोजे, कापूस वगैरे विम्यात न बसणाऱ्या वस्तूंचे होते. ३,५०० रुपये खोलीचे जादा भाडे होते, कारण दुपारची वेळ उलटल्याने आणखी एक दिवस लागला होता. आणि ४,२०० रुपये एका इंजेक्शनचे होते. त्याची एका दिवसात दोनदा नोंद झाल्यामुळे विमा कंपनीने एक नोंद नाकारली होती. कंपनीने नाकारले, म्हणून ते आमच्या माथी आले.

रात्रीच्या वेळी भावाजवळ तेवढी रक्कम नव्हती. मंडळाच्या सचिवांना फोन केला आणि निधीतून दहा हजार रुपये मिळाले, तेव्हा वहिनी घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी आमची पुतणी, जी तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती, बिल घेऊन बसली. तिने औषधांच्या नोंदीचा कागद मागवून घेतला आणि ओळ अन् ओळ ताडून पाहिली. "काका, इंजेक्शन एकदाच दिलंय. बिलात दोनदा धरलंय," ती म्हणाली. आम्ही दोघे इस्पितळात गेलो. काउंटरवरील बाईंनी कागद पाहिला, चूक मान्य केली आणि ४,२०० रुपये परत मिळाले.

खोलीभाड्याचे ३,५०० रुपये मात्र आजतागायत मिळालेले नाहीत. इस्पितळ म्हणाले, "आम्ही कागद साडेअकरालाच पाठवले." विम्याचे काम पाहणारी मधली संस्था म्हणाली, "आम्हाला ते चारनंतर मिळाले." दोघांच्याही संगणकात आपापली वेळ होती. खरी कोणती, हे ठरवणारा कोणीही नव्हता.

वाचकांनी हे दोन आकडे लक्षात ठेवावेत: ४,२०० आणि ३,५००. पहिली चूक कागद वाचून सुटली. दुसरी कितीही वाचून सुटली नसती. ब्लॉकचेन कोठे उपयोगी आहे आणि कोठे नाही, हे या दोन आकड्यांतच सामावले आहे.

बिल एक, वह्या चार

आपण बिल एकच समजतो. परंतु त्याच्या नोंदी निदान चार ठिकाणी होतात. पहिली वही इस्पितळाची. दुसरी 'टीपीए'ची, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या त्रयस्थ संस्थेची. तिसरी खुद्द विमा कंपनीची. चौथी बँकेची, जिच्यातून शेवटी पैसे जातात. प्रत्येकाची संगणक प्रणाली निराळी. एकाने पाठवलेला कागद दुसरा आपल्या वहीत पुन्हा लिहून घेतो. कागद परत आला, बिल दुरुस्त झाले, की जुनी आणि नवी अशा दोन नोंदी फिरू लागतात. मग मंजुरी कोणत्या बिलाला मिळाली आणि पैसे कोणत्या बिलाचे आले, याचा मेळ घालत बसावे लागते.

बँकेतील लोकांना हे दुखणे जुने आहे. एका शाखेने नावे टाकलेली रक्कम दुसऱ्या शाखेत जमा दिसत नसे, आणि आंतरशाखा मेळ घालण्यात महिनेच्या महिने जात. दोन्ही शाखांची वही आपापल्या जागी बरोबर असे. फक्त दोघींचा एकमेकींशी मेळ बसत नसे. कोअर बँकिंग आले, सर्व शाखांची वही एक झाली, आणि हे काम एकदम हलके झाले. परंतु ते शक्य झाले याचे कारण सगळ्या शाखा एकाच बँकेच्या होत्या. इस्पितळ, टीपीए, विमा कंपनी आणि बँक यांचा मालक एक नाही. त्यांचा परस्परांवर पूर्ण विश्वासही नाही. मग यांची सामाईक वही ठेवायची कोणी? ब्लॉकचेन हे या प्रश्नाचे एक उत्तर होय.

साखळी वही म्हणजे काय?

आम्ही २००४ साली बँकेत लागलो तेव्हा आमच्या शाखेत जाड खातेवह्या शेवटच्या घटका मोजत होत्या. त्या वह्यांत पान भरले की खाली बेरीज मारून 'पुढे नेले' असे लिहीत, आणि पुढच्या पानाच्या माथ्यावर तोच आकडा 'मागून आणले' म्हणून लिहीत. त्यामुळे मधल्याच एखाद्या पानावरील आकडा कोणी गुपचूप बदलला, तर त्या पानाची बेरीज बदले आणि पुढच्या सगळ्या पानांशी तिचा मेळ तुटे. लबाडी लपवायची तर पुढची सगळी पाने खोडावी लागत.

ब्लॉकचेनमध्ये याच युक्तीला गणिताची जोड दिली आहे. 'ब्लॉक' म्हणजे नोंदींनी भरलेले एक पान आणि 'चेन' म्हणजे पानांची साखळी. पान भरले की संगणक त्यातील मजकुरावरून एक खूण काढतो. तिला 'हॅश' म्हणतात. आपण तिला मुद्रा म्हणू. सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या एका पद्धतीत ही मुद्रा ६४ अक्षरांची असते आणि ती ० ते ९ हे अंक व इंग्रजीतील पहिली सहा अक्षरे यांची बनलेली असते. पानावर एक ओळ असो की हजार ओळी असोत, मुद्रा ६४ अक्षरांचीच. पण पानावरील ४,२०० चे ४,२०१ केले तरी मुद्रा पार बदलून जाते. शिवाय मुद्रेवरून मूळ मजकूर उलगडून काढता येत नाही. ही मुद्रा पुढच्या पानाच्या माथ्यावर लिहिली जाते आणि त्या पानाची मुद्रा काढताना तीही हिशेबात धरली जाते. अशी साखळी तयार होते.

तरीही एक शंका उरते. वही एकाच्याच ताब्यात असेल तर तो सगळीच पाने नव्याने लिहू शकेल. त्यावर उपाय असा की, वहीची एकेक प्रत प्रत्येक भागीदाराकडे ठेवायची आणि नवे पान सर्वांनी ठरवलेल्या नियमाने मान्य केल्याखेरीज जोडायचे नाही. एकाने आपली प्रत बदलली तर ती इतरांच्या प्रतींशी जुळणार नाही आणि चोरी तत्काळ उघडी पडेल.

ही कल्पना आजकालची नाही. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या अमेरिकेतील दोन शास्त्रज्ञांनी १९९१ साली संगणकीय कागदपत्रांवर वेळेचा शिक्का कसा मारावा यासंबंधी निबंध प्रसिद्ध केला. १९९५ पासून त्यांच्या पद्धतीने काढलेली मुद्रा दर आठवड्याला 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या छोट्या जाहिरातींत छापली जाऊ लागली. एकदा वर्तमानपत्र घरोघर गेल्यावर ती मुद्रा बदलणार कोण? पुढे ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने बिटकॉइनचा निबंध प्रसिद्ध झाला आणि ३ जानेवारी २००९ रोजी त्या वहीचे पहिले पान लिहिले गेले. त्या निबंधात हेबर आणि स्टॉर्नेटा यांच्या कामाचा आधार घेतलेला आहे.

येथे विद्यार्थ्यांनी एक भेद ध्यानात घ्यावा. बिटकॉइनची वही कोणालाही उघडी आहे. परंतु ती अतिशय सावकाश चालते. सेकंदाला जेमतेम सात व्यवहार, आणि त्यासाठी प्रचंड वीज. इस्पितळाच्या कामी अशी वही चालणार नाही. तेथे 'परवानगीची साखळी' वापरतात. तिच्यात ठरावीक संस्थांनाच प्रवेश असतो, कोण कोण आहे हे सर्वांना ठाऊक असते आणि त्यामुळे ती वेगाने चालते. बिटकॉइनची खरेदी-विक्री हा तर सर्वस्वी निराळा विषय आहे. ब्लॉकचेन चांगले तंत्र आहे, असे सांगून कोणी आपल्या सभासदांकडे नाण्यांत पैसे गुंतवण्याची गळ घातली, तर त्याला दाराबाहेरूनच नमस्कार करावा.

बिलाच्या कामी तिचा उपयोग

आता आमच्या ३,५०० रुपयांकडे वळू. समजा, इस्पितळ, टीपीए, विमा कंपनी आणि बँक या चौघांची एकच साखळी वही असती, तर काय झाले असते? इस्पितळाने कागद पाठवताच त्याची मुद्रा आणि वेळ चौघांच्याही वहीत एकदमच उमटली असती. साडेअकरा की चार, हा वादच राहिला नसता. ज्याच्याकडे कागद पडून राहिला त्याचे नाव वहीत दिसले असते आणि जादा दिवसाचे भाडे त्याच्याकडून मागता आले असते. दुरुस्त बिल पाठवल्यावर जुने खोडले न जाता त्याच्याखाली नवे लिहिले गेले असते. बँकेतही आपण चुकीची नोंद खोडत नाही. उलट नोंद करून ती दुरुस्त करतो. तसेच हे.

दुसरा उपयोग पैसे चुकते करण्याचा. या वहीत काही अटी आधीच लिहून ठेवता येतात. त्यांना 'स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट' म्हणतात. नाव मोठे आहे. परंतु बँकेतील स्थायी सूचनेसारखाच हा प्रकार आहे. दर महिन्याच्या ५ तारखेला अमुक खात्यातून हप्ता काढा, असे आपण लिहून देतो आणि मग कोणी न सांगता तो जातो. त्याचप्रमाणे 'पॉलिसी चालू आहे, मंजुरी मिळाली आहे, डिस्चार्जचा कागद आला आहे' या तीन अटी पूर्ण झाल्या की ठरलेली रक्कम इस्पितळाकडे जावी, अशी योजना करता येते. एकच बिल दोन विमा कंपन्यांकडे लावले, तर तेही लगेच ध्यानात येते.

तिसरा मुद्दा गुप्ततेचा. रुग्णाला कोणता आजार आहे, ही गोष्ट चार संस्थांच्या वहीत कायमची लिहून ठेवणे योग्य नव्हे. जी वही खोडता येत नाही तिच्यात चुकून लिहिलेली खासगी गोष्टही खोडता येत नाही. आपल्या देशाच्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि काढून टाकायला लावण्याचा हक्क दिलेला आहे, तोही येथे आडवा येतो. म्हणून जाणकार असे सांगतात की, रुग्णाचे कागद इस्पितळाच्याच कपाटात ठेवावेत आणि साखळीत फक्त त्यांची मुद्रा लिहावी. कागद नंतर बदलला तर मुद्रा जुळणार नाही. आणि मुद्रा पाहून आजार कोणाला कळणार नाही.

एस्टोनिया या युरोपातील लहानशा देशाने हाच मार्ग धरला. तेथील लोकसंख्या सुमारे १३ लाख, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मोठ्या शहराहूनही कमी. २००७ साली त्या देशाच्या संगणक यंत्रणांवर मोठा हल्ला झाला होता, त्यानंतर नोंदींच्या सुरक्षिततेकडे तेथे विशेष लक्ष दिले गेले. नागरिकांच्या आरोग्य नोंदींना कोणी हात लावला का, हे ओळखण्यासाठी तेथे मुद्रांची साखळी वापरली जाते. मूळ नोंदी साखळीत नसतात. आपली नोंद कोणत्या डॉक्टरने उघडून पाहिली, हे तेथील नागरिकाला घरबसल्या पाहता येते. मात्र तेथे आरोग्य विम्याचा सार्वजनिक निधी एकच आहे, हेही विसरता कामा नये. वह्याच कमी असल्या की मेळ घालण्याचे कामही कमी असते.

अमेरिकेतील धडा

चेंज हेल्थकेअर ही अमेरिकेतील विमा दाव्यांची देवघेव करणारी मोठी कंपनी. तिने जानेवारी २०१८ मध्ये दाव्यांच्या प्रवासावर नजर ठेवण्यासाठी ब्लॉकचेनचे जाळे सुरू केले. त्यासाठी 'हायपरलेजर फॅब्रिक' ही परवानगीच्या साखळीची प्रणाली वापरली होती. त्या वेळी या प्रयोगाचा मोठा गाजावाजा झाला. २०२२ मध्ये युनायटेडहेल्थ या बलाढ्य समूहाने ही कंपनी विकत घेतली. वर्षाला सुमारे १५ अब्ज व्यवहार तिच्यामार्फत होत असत.

२१ फेब्रुवारी २०२४ रोजी या कंपनीवर खंडणीखोरांचा संगणक हल्ला झाला. यंत्रणा बंद ठेवाव्या लागल्या आणि देशभरातील दाव्यांचा प्रवाह अडला. औषध दुकानांत विम्यावर औषधे मिळेनात, दवाखान्यांना पैसे मिळेनात. अमेरिकन हॉस्पिटल असोसिएशनने केलेल्या पाहणीत ९४ टक्के इस्पितळांनी आर्थिक फटका बसल्याचे सांगितले. १९ कोटींहून अधिक लोकांच्या माहितीला धक्का लागला. कंपनीने २ कोटी २० लाख डॉलरची खंडणी दिली, आणि ती दिली बिटकॉइनमध्ये!

चोर आत शिरले कसे? बाहेरून कामकाज करण्याच्या एका दारावर दुहेरी ओळखीची सोय नव्हती. चोरलेला पासवर्ड पुरेसा ठरला. आपण बँकेचे पैसे मोबाइलवरून पाठवताना ओटीपी येतो. तेवढी साधी दुसरी कडीसुद्धा त्या दाराला नव्हती. येथे ब्लॉकचेनचे गणित फसले, असे म्हणता येणार नाही. हल्ला साखळीवर झालाच नाही. परंतु तिजोरी कितीही मजबूत असली तरी खिडकी उघडी राहिली तर काय उपयोग? आणि एका मोठ्या देशाचे दावे एकाच कंपनीच्या दारातून जाऊ द्यावेत का, हा प्रश्न कोणतेही तंत्र सोडवून देत नाही. तो माणसांनीच सोडवायचा असतो.

वहीत चुकीचे लिहिले तर?

आता ४,२०० रुपयांच्या इंजेक्शनकडे येऊ. साखळी वही असती तर ही चूक टळली असती का? मुळीच नाही. इस्पितळाच्या कारकुनाने दोनदा नोंद केली असती आणि ती चुकीची नोंद चौघांच्या वहीत, वेळेच्या शिक्क्यासह, कायमची बसली असती. ब्लॉकचेन खोडाखोड थांबवते. नोंद करतानाच झालेली चूक किंवा केलेला खोटेपणा तिला ओळखता येत नाही.

हे केवळ आमच्या घरापुरते नाही. गोरगरिबांना वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत उपचार देणारी आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. भारताच्या महालेखापरीक्षकांचा या योजनेवरील अहवाल ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेपुढे ठेवण्यात आला. त्यात असे आढळले की, ७,४९,८२० लाभार्थ्यांच्या नावापुढे ९९९९९९९९९९ हा एकच मोबाइल क्रमांक नोंदला गेला होता. मोबाइल क्रमांकावरून लाभ ठरत नाही, असा खुलासा सरकारने केला. त्याच अहवालात, संगणकात मृत दाखवलेल्या ३,४४६ रुग्णांच्या नावे पुढील उपचारांचे ३,९०३ दावे चुकते झाल्याचेही नमूद आहे. ती रक्कम ६.९७ कोटी रुपये होते. या नोंदी सर्वांत भक्कम साखळीत ठेवल्या असत्या तरी त्या तशाच राहिल्या असत्या. लेखापरीक्षकांनी त्या वाचल्या म्हणून उघड झाल्या.

बँकेत नोंद करणारा एक आणि ती तपासून मान्य करणारा दुसरा, असा नियम आहे. दोघांच्या सह्यांशिवाय व्यवहार पुरा होत नाही. इस्पितळाच्या बिलात नोंद करणारा असतो. पण रुग्णाच्या बाजूने तपासणारा कोणीच नसतो. आमच्या घरी ते काम बी.कॉम.च्या मुलीने केले.

आपल्याकडील सद्यःस्थिती

भारतात या दिशेने काही पावले पडली आहेत, परंतु सगळीच ब्लॉकचेनची नाहीत. बँकिंग क्षेत्रात १५ बँकांनी एकत्र येऊन २०२१ साली व्यापारातील पतपत्रांच्या कामासाठी ब्लॉकचेन कंपनी स्थापन केली. आरोग्य क्षेत्रात राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने 'नॅशनल हेल्थ क्लेम एक्स्चेंज' नावाचा दुवा उभारला आहे. इस्पितळे आणि विमा कंपन्या यांनी दावे एकाच नमुन्यात, एकाच मार्गाने पाठवावेत, हा त्याचा हेतू. २ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झालेली 'ई-रुपी' ही सोयही अशीच. ठरावीक व्यक्तीला ठरावीक कामासाठीच वापरता येणारे हे व्हाउचर मोबाइलवर येते आणि त्यासाठी लाभार्थ्याचे बँक खाते लागत नाही. कोविडच्या लसीकरणासाठी ते प्रथम वापरात आले. ही दोन्ही कामे साखळीवाचून होतात. म्हणजेच, एक विश्वासू मध्यस्थ मिळाला तर साधी सामाईक वहीसुद्धा पुरते. जेथे असा मध्यस्थ सर्वांना मान्य नसतो, तेथे साखळीची गरज भासते.

विमा नियामक प्राधिकरणाने २९ मे २०२४ च्या परिपत्रकाने एक महत्त्वाचा नियम केला. कॅशलेसची विनंती आल्यावर १ तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरी ३ तासांत द्यायची. विमा कंपनीच्या विलंबामुळे इस्पितळाने जादा रक्कम लावली तर ती कंपनीने सोसायची. हा नियम आधी असता तर आमच्या ३,५०० रुपयांचा दावा उभा राहिला असता. पण तीन तास मोजायचे कोणत्या घड्याळाने? साडेअकरापासून की चारपासून? कायद्याने हक्क दिला; तो सिद्ध करायला दोघांना मान्य असलेली वेळेची नोंद लागते. साखळी वहीचे खरे काम येथे आहे, असे आमचे मत आहे.

आणखी एक जागा आम्हाला सुचवाविशी वाटते. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास कायद्याखालील धर्मादाय इस्पितळांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीत राखून ठेवायच्या असतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेप्रमाणे बिलांच्या रकमेतून २ टक्के निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाचे असतात. हा निधी किती जमला, कोणत्या दिवशी किती खर्च झाला आणि शिल्लक किती राहिली, याची वही रोजच्या रोज मुद्रांकित होऊन धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे आणि जनतेपुढे राहिली, तर 'निधी संपला' हे उत्तर तपासून पाहता येईल. यात कोणा रुग्णाचे नाव लिहिण्याची गरज नाही.

आपण काय करावे?

तंत्र येईल तेव्हा येईल. तोवर सभासदांनी आणि विद्यार्थ्यांनी पुढील गोष्टी कराव्यात, अशी आमची विनंती आहे.

रुग्ण दाखल होताना इस्पितळ धर्मादाय आहे का, आणि महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत ते समाविष्ट आहे का, हे विचारावे. बिल घेताना एकूण रकमेच्या कागदावर समाधान न मानता तपशीलवार बिल मागावे आणि ते औषधांच्या नोंदीशी ताडून पाहावे. डिस्चार्जचे कागद विम्याकडे किती वाजता पाठवले, ते काउंटरवर विचारून आपल्याजवळ लिहून ठेवावे. पाठवल्याची पोच असेल तर तिचा मोबाइलवर फोटो काढावा. विमा कंपनीने कपात केली तर कारण लेखी मागावे. तक्रार करूनही महिन्याभरात दाद मिळाली नाही किंवा उत्तर पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. त्याला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. मुंबई आणि पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी संगणकाकडे, कोणी वाणिज्याकडे, कोणी वैद्यकीय शाखेकडे जाल. उद्या अशा वह्या तुम्हीच बांधणार आहात. ती बांधताना चार संस्थांच्या प्रतींबरोबर पाचवी प्रत रुग्णाच्या हाती राहील, आणि ती त्याला त्याच्या भाषेत वाचता येईल, एवढे पाहा. तोपर्यंत मंडळाच्या निधी समितीकडे येणारी बिले दर रविवारी वाचून ताडून पाहण्यासाठी चार-पाच विद्यार्थ्यांची आम्हाला गरज आहे. आमची पुतणी आधीपासूनच हे काम करते आहे. ज्यांना यावेसे वाटेल त्यांनी कार्यालयात नाव नोंदवावे.

एवढे सांगून आम्ही हा लेख पुरा करतो.